खाऱ्या टाकीचं मीठ: सांभाळावं कसं, कालवावं कसं

जून लागला की मिठाला पाणी सुटतं, हे कोकणात आणि मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. जाड्या मिठाच्या बरणीत तळाशी पाणी साचतं, बारीक मिठाचा गोळा होतो, मग कुणीतरी त्यात तांदळाचे दाणे टाकतं. यामागचं कारण साधं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं रोजचं मीठ, हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. जुलैत मुंबईची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. मिठाने करायचं तरी काय?

समुद्री मत्स्यटाकीसाठी पिशवीत किंवा बादलीत मिळणारं मीठ याहून हळवं असतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड असतात, आणि त्यांना ओल धरायला ३० ते ३३ टक्के आर्द्रतासुद्धा पुरते. त्यामुळे उघडी राहिलेली पिशवी पुण्याच्या हिवाळ्यातही हळूहळू पाणी ओढत असते. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारी हे मीठ हवेत निर्धास्त राहू शकेल, पण तिथे टाकीतलंच पाणी भराभर उडतं. तो भाग पुढे येईल.

खाऱ्या टाकीत नव्याने उतरलेले लोक दिवे, पंप, मासे यांवर महिनोन्‌महिने अभ्यास करतात. मीठ मात्र दुकानदार देईल ते घेतात, बादली गॅलरीत ठेवतात आणि पाकिटावर लिहिलंय तेवढे चमचे पाण्यात टाकतात. पुढे प्रवाळ मिटून बसले की दोष दिव्याला. आपल्या हवेत पाकिटावरचं माप हे फक्त जवळपास पोचण्यापुरतं असतं. मीठ कोरडं ठेवायचं आणि कालवताना वजनावर नव्हे, तर पाण्याच्या मोजलेल्या खारेपणावर विश्वास ठेवायचा. या लेखातलं जवळजवळ सगळं या दोन गोष्टींतूनच निघतं.

स्वयंपाकाचं मीठ का चालत नाही

हा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मीठ समुद्रातूनच येतं ना? येतं. पण वाटेत बरंच काही मागे ठेवून येतं.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या ७७ नमुन्यांचं विश्लेषण करून १८८४ मध्ये निष्कर्ष मांडले. खुल्या समुद्रात खारेपणा कमीजास्त होतो, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं, असं त्यातून पक्कं झालं. त्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट. ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम ४१० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, साधारण ७ डीकेएच (ते मोजायचं एकक) असते. प्रवाळाचा सांगाडा या थोड्याथोडक्या कॅल्शियमवर आणि कार्बोनेटवरच उभा राहतो.

आता वसई, उरण किंवा पेणकडचं मिठागर डोळ्यांपुढे आणा. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जातं, उन्हाने आटत जातं. आटता आटता सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यानंतर, पाणी बरंच दाट झाल्यावर, मिठाचे खडे धरायला लागतात. ते ओढून ढीग लावले जातात आणि मागे जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम राहून जातं. खाणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तमच, कडूपणा गेला. माशाच्या आणि प्रवाळाच्या दृष्टीने मात्र समुद्रातलं हवं ते सगळं वाफ्यांत राहिलं आणि हातात जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड आलं. सैंधवाचीही तीच गत. ते प्राचीन समुद्र आटून झालेलं खनिज आहे, त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. आयोडीन घातलेलं की न घातलेलं, हा वाद इथे गौण आहे. मत्स्यटाकीचं मीठ म्हणजे वाफ्यांत गळालेले हे घटक मोजून परत घातलेलं मिश्रण. त्याची किंमत तिथे जाते.

मग थेट समुद्राचं पाणीच आणलं तर? दापोली-मालवणकडे किंवा गोव्यात किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना हा मोह होणारच. अरबी समुद्राचं पाणी चांगलं खारट आहे, बंगालच्या उपसागरापेक्षा जास्त, कारण इथे बाष्पीभवन मोठं आणि तिकडे मोठमोठ्या नद्यांचं गोडं पाणी येऊन मिळतं. पण हे खुल्या समुद्राचं झालं. खाडीच्या तोंडाशी, बंदरात किंवा शहराच्या सांडपाण्याजवळ बादली भरण्यात अर्थ नाही. जूनपासून पाऊस आणि नद्या मिळून किनाऱ्यालगतचं पाणी इतकं पातळ आणि गढूळ करतात की तेव्हा ते आणूच नये. कोरड्या ऋतूत, वस्तीपासून दूर, शक्यतो होडीने थोडं आत जाऊन पाणी आणता येत असेल तर ते गाळून, खारेपणा मोजून वापरता येतं. मात्र पाण्याबरोबर प्रवाळाचे तुकडे किंवा समुद्रघोडे उचलून आणू नयेत. त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे आणि तो गुन्हा ठरतो. पुण्या-नाशिकच्या, किंवा मुंबईतल्याही बहुतेक टाकीवाल्यांसाठी पिशवीतलं मीठच खरं.

किती घ्यावं

हिशेब करून बघू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही फ्लॅटमध्ये मावणारी टाकी. बाहेरून मोजली तर साधारण ५७ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास. दर आठवड्याला ५ लिटर पाणी बदललं तरी छान. बहुतेक मिठांचं प्रमाण लिटरला ३६ ते ४० ग्रॅमच्या दरम्यान असतं. पाण्यात ३५ ग्रॅम क्षार हवेत तर मीठ त्याहून जास्त का, असं वाटेल. पण मिश्रणातल्या काही क्षारांच्या स्फटिकांत मुळातच पाणी बांधलेलं असतं, त्याचं वजनही मोजलं जातं. ३८ ग्रॅम धरले तर आठवड्याला १९० ग्रॅम.

म्हणजे २० किलोची बादली जवळपास दोन वर्षं पुरेल. किलोमागे ती स्वस्त पडते हे खरं, पण दोन वर्षं म्हणजे दोन पावसाळे. दर आठवड्याला झाकण उघडणार, दर वेळी दमट हवा आत जाणार. एवढ्या लहान टाकीसाठी मी मोठी बादली घेऊ नका असंच सांगेन. चार किलोची पिशवी पाच महिने चालते; ती घ्या, आणि शक्य झालं तर पावसाळ्यापुरती पिशवी सीलबंद असतानाच मेमध्ये आणून ठेवा. दोनशे-तीनशे लिटरच्या टाकीवाल्यांचं गणित वेगळं. त्यांची बादली काही महिन्यांत संपते, त्यांनी मोठीच घ्यावी. तिघाचौघांनी मिळून एक बादली घेऊन वाटून घेण्याची पद्धतही चांगली आहे. फक्त वाटण्याआधी बंद बादली आडवी करून जमिनीवर दोन्ही बाजूंनी नीट लोळवा. वाहतुकीत हादरे बसून बारीक कण खाली आणि जाडे वर असं होऊ शकतं. उत्पादक म्हणतात की त्यांचं मिश्रण एकसारखंच राहतं. राहत असेलही, पण लोळवायला दोन मिनिटं लागतात.

दुकानात पिशवी घेताना ती हाताने दाबून बघा. आत मीठ वाळूसारखं सरकलं पाहिजे. कोपऱ्यात कडक गोळा लागत असेल, किंवा पिशवीच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर ती तिथेच ठेवा, सवलत असली तरी.

ठेवावं कुठे आणि कसं

जागा आधी ठरवा. न्हाणीघराच्या भिंतीला लागून नको, सिंकखाली नको, पावसाची झड येणाऱ्या गॅलरीत तर नकोच. टाकीच्या खालचं कपाट सोयीचं वाटतं, पण तिथे सम्प, म्हणजे गाळणीची खालची टाकी, असेल तर ती घरातली सगळ्यात दमट जागा असते. झोपायच्या खोलीतलं, रोज रात्री एसी चालतो त्या खोलीतलं कपाट उत्तम. फरशीवर थेट न ठेवता लाकडी पाटावर किंवा तिवईवर ठेवा; पावसाळ्यात तळमजल्याच्या फरशीला घाम सुटतो तो तुम्ही पाहिला असेल.

डबा असा हवा की त्याच्या झाकणाला रबरी कडं असेल. नुसतं दाबून बसणारं झाकण पुरत नाही. मीठ मूळ पिशवीतच राहू द्या, हवा दाबून बाहेर काढा, तोंड दोनदा दुमडून चिमटा लावा आणि ती पिशवी डब्यात ठेवा. पिशवी आणि डबा यांच्या मधल्या जागेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मिठात पुड्या टाकू नका, फाटली तर मणी टाकीत जातील. कपाटात टांगायच्या ज्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या मिळतात त्यांपैकी पुष्कळांत कॅल्शियम क्लोराइडच असतं आणि त्या खाली पाणी साठवतात. ते पाणी मिठाच्या डब्यात गळलं तर रोगापेक्षा औषध भारी.

लहान टाकीवाल्यांसाठी मला सगळ्यात आवडणारी पद्धत वेगळीच आहे. पिशवी फोडायच्या दिवशी खोलीत तासभर एसी चालवा, म्हणजे हवा थोडी कोरडी होईल. पिशवी बंद असतानाच उलटसुलट करून मीठ सारखं करा. मग फोडून लगेच वजनकाट्यावर एकेका वेळच्या पुड्या बांधा, म्हणजे वरच्या उदाहरणात १९० ग्रॅमच्या. झिपच्या जाड पिशव्या वापरा, हवा काढा, सगळ्या पुड्या एका घट्ट डब्यात टाका. आता पाच महिन्यांत मोठी पिशवी एकदाच उघडली. एक पुडी उघडी राहिली तरी नुकसान एका पुडीचं.

मोठ्या टाकीवाल्यांनी याच्या उलट विचार करावा. शंभर-दोनशे लिटरचं पिंप ठेवायला जागा असेल तर अर्धवट उघडी पिशवी पावसाळाभर सांभाळण्यापेक्षा ती सगळी एकदाच कालवून टाकलेली बरी. कालवलेलं पाणी झाकून, पंप चालू ठेवून काही आठवडे राहू शकतं. त्याला दमट हवेची भीती नाही. शंभर लिटर म्हणजे शंभर किलोच्या वर वजन होतं, तेवढं जुन्या इमारतीच्या गॅलरीवर टाकण्याआधी मात्र विचार करा.

डब्यात हात घालताना हात कोरडा, चमचा कोरडा. कालवायच्या पिंपाच्या तोंडाशी उभं राहून डब्यातून मीठ उपसू नये. आधी वाटीत काढा, डबा बंद करा, मग वाटी घेऊन पिंपाकडे जा. ओला चमचा परत डब्यात गेला की गोळ्याची सुरुवात तिथूनच.

आणि गोळा झालाच तर? हाताने सहज फुटणारा असेल तर वापरायला हरकत नाही, फक्त वजनावर विसंबू नका. मिठाने स्वतःच्या वजनात दहा टक्के पाणी मिळवलं असेल तर ३८ ग्रॅम मोजूनही पाण्याचा खारेपणा ३५ ऐवजी ३२ च्या आसपास भरेल. चूक तुमच्या काट्याची नसते, मिठाच्या पोटातल्या पाण्याची असते. दगडासारखा झालेला गोळा मात्र वेगळी गोष्ट आहे. ओल धरलेल्या मिठात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटतात आणि त्यांची चुनखडी होते. ती पुन्हा विरघळत नाही. असं मीठ कालवल्यावर खारेपणा बरोबर येऊ शकतो आणि तरी कॅल्शियम-अल्कलिनिटी कमी असते. थोडं कालवून या दोन्हींची चाचणी करा. कमी भरली आणि तळाशी पांढरा गाळ राहिला तर ते मीठ प्रवाळाच्या टाकीला नको.

आधी पाणी

मीठ कितीही चांगलं असो, नळाचं पाणी थेट वापरू नये. त्यातलं क्लोरीन हे सोपं दुखणं. नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका शेवाळ वाढवतात, आणि पाइप-फिटिंगमधून आलेलं तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना मारक ठरतं. दख्खनच्या बोअरवेलचं पाणी जड असतं, टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं असेल सांगता येत नाही, आणि उन्हाळ्यात एकाच सोसायटीत या तिन्हींची आलटून पालटून सरमिसळ होते. म्हणून आरओ, आणि त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिनचं नळकांडं. टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, शून्य यायला हवं.

घरात पिण्याचं आरओ मशीन आहेच, ते चालेल का? आहे तसं नाही. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक मशीनांत थोडं कच्चं पाणी परत मिसळायची किंवा खनिजं घालायची सोय असते. टीडीएस मीटर लावून बघा, पन्नास-शंभर किंवा त्याहून जास्त आकडा दिसेल. सर्व्हिसवाल्याला सांगून मेम्ब्रेननंतर, ती सोय लागण्याआधी, एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिला डीआय जोडा. फार खर्चाचं काम नाही. वाया जाणारं पाणी पिंपात धरून फरशी पुसायला वापरा.

कालवणं

भांडं प्लास्टिकचं हवं. बाजारात जुनी निळी पिंपं स्वस्त मिळतात, पण त्यांत आधी काय होतं ते विचारा आणि उत्तरावर पूर्ण विश्वास ठेवू नका. नाक घालून वास घ्या. नवं, खाद्यपदार्थांसाठीचं पिंप घेणं बरं. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा म्हणजे एचडीपीई. पितळी तोटी, तांब्याचा जोड, गंजका खिळा, काहीही धातूचं पाण्याला लागू नये.

क्रम एकच: आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ. मीठ आधी टाकून वरून पाणी ओतलं तर पहिल्या काही मिनिटांत तळाशी अतिशय दाट खारं पाणी तयार होतं आणि वर सांगितलेली चुनखडीची गडबड तिथेच होते. पाणी दुधाळ होतं आणि दुसऱ्या दिवशीही निवळत नाही. पावडरीचं ताक करताना पावडर पाण्यात भुरभुरतात, पाणी पावडरीवर ओतत नाहीत, तसंच. मीठ मूठमूठ टाका, पंपाच्या झोताजवळ, आधीचं विरघळू द्या. एखादा छोटा पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवायचा पंप, वीस लिटरच्या बादलीला पुष्कळ. त्याचं तोंड वरच्या दिशेने ठेवलं तर पृष्ठभाग हलता राहतो आणि हवाही मिसळते.

वीस लिटरसाठी पाकिटाच्या हिशेबाने ७६० ग्रॅम लागतील असं समजू. मी ७०० पासून सुरुवात करायला सांगेन. सगळं विरघळून पाणी स्वच्छ दिसू लागल्यावर मोजा. ३३ आलं, हवं ३५, तर लिटरमागे दोन अंकांची तूट. प्रत्येक अंकाला लिटरमागे एक ग्रॅमपेक्षा जरासं जास्त, म्हणजे सुमारे ४३ ग्रॅम आणखी घाला. कमी असलेलं वाढवणं सोपं असतं. जास्त झालं तर आणखी शुद्ध पाणी लागतं आणि ते नेमकं तेव्हाच संपलेलं असतं.

किती वेळ फिरवायचं? इथे मतभेद आहेत आणि त्यात मिठाचा प्रकार महत्त्वाचा. ज्या मिठात अल्कलिनिटी मुद्दाम जास्त ठेवलेली असते ते विरघळल्यावर काही तासांत वापरून टाकावं; ते दिवसचे दिवस गरम पाण्यात घुसळत ठेवलं तर कॅल्शियम कार्बोनेट भांड्याच्या भिंतीला बसतं. साध्या प्रमाणाचं मीठ रात्रभर फिरलं तरी बिघडत नाही. या बाबतीत पाकिटावरची सूचना वाचा आणि पाळा. आपल्याकडे एक गोष्ट मात्र वेगळी: मुंबईत कालवताना हीटर लावायची गरजच नसते, पाणी तसंही २७-२८ अंशांवर असतं. चुनखडी गरम पाण्यात लवकर बसते, म्हणून एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून आलेलं कढत पाणी आधी निवू द्या. नाशिक-पुण्याच्या जानेवारीत उलट. थंड पाण्यातच मीठ विरघळवा आणि टाकीत घालण्याआधी हीटरने तापमान जुळवा.

माशांच्या टाकीत सुकं मीठ थेट कधीही टाकू नये. एक खडा प्रवाळावर बसला तर तिथली त्वचा जळते, आणि मासा तो खाणं समजून तोंडात घेऊ शकतो.

मोजणं

हलत्या काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो. त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्याहून खारट दाखवतो. त्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दोन थेंब, झाकण, उजेडाकडे बघायचं, बस. पण त्यातही एक खाच आहे. बाजारातले बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. अशा उपकरणावर खरं ३५ पीपीटी समुद्राचं पाणी साधारण ३६.५ दिसतं. त्यावर ३५ येईपर्यंत मीठ घालून थांबलात तर टाकीतलं पाणी प्रत्यक्षात ३३.५ च्या आसपास.

शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही, कारण शून्यापाशी बरोबर असलेलं उपकरण ३५ पाशी चुकू शकतं. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. ते नसेल तर घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतका असतो, म्हणून स्क्रू फिरवून उपकरणातली रेषा ३५ वर आणायची. पावसाळ्यात हे करणार असाल तर मीठ आधी तव्यावर कोरडं करून थंड होऊ द्या, नाहीतर मोजणीत तीच ओल येईल. हे द्रावण फक्त उपकरणासाठी, टाकीसाठी नव्हे. उपकरण आणि द्रावण दोन्ही खोलीच्या तापमानाला आल्यावरच जुळवा, आणि महिन्यातून एकदा पुन्हा तपासा.

प्रवाळाच्या टाकीला ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. नुसत्या माशांची टाकी थोड्या कमी खारेपणावरही सुखाने चालते. नेमका आकडा कोणता यापेक्षा तो आज आणि पुढच्या महिन्यात तोच असणं माशांना जास्त महत्त्वाचं.

टाकीतला खारेपणा बिघडतो तेव्हा

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची घट गोड्या, शुद्ध पाण्याने भरायची, खाऱ्याने नाही. वरच्या ४५ लिटरच्या टाकीतून पंख्याखाली दिवसाला अर्धा लिटर उडत असेल आणि तुम्ही गणपतीला आठवडाभर गावी गेलात, तर परत येईपर्यंत ३५ चं ३८ झालेलं असेल. शेजाऱ्याला टाकीच्या काचेवर चिकटपट्टीची खूण करून द्या, त्या खुणेपर्यंत रोज शुद्ध पाणी घालायला सांगा, आणि खारं आणि गोडं पाणी वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये ठेवा.

खारेपणा वाढला असेल तर टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच शुद्ध पाणी घाला. ३७ वरून ३५ वर यायला ४५ लिटरमधलं सुमारे २.४ लिटर बदलावं लागेल. ते एकदम न करता दोन-तीन दिवसांत करा. उतरला असेल तर सगळ्यात निवांत उपाय म्हणजे रोजची घट काही दिवस ३५ पीपीटीच्या खाऱ्या पाण्याने भरणं. ३३ वरून ३५ वर यायला असं २.६ लिटर लागेल, म्हणजे अर्ध्या लिटरच्या हिशेबाने पाच दिवस. नंतर पुन्हा गोड्या पाण्यावर या.

पाणी बदलताना नव्या पाण्याचं तापमान टाकीच्या एका अंशाच्या आत आणि खारेपणा जवळपास तोच हवा. पंप बंद करून जुनं पाणी काढा, नवं हळू भरा, मग पंप चालू करा.

खारं पाणी आणि वीज यांचं शेजार वाईट असतं. पाण्याचे शिंतोडे वाळून तारांवर, बोर्डावर पांढरे थर चढतात आणि ते पावसाळ्यात ओले होऊन वीज वाहून नेतात. एक्स्टेन्शन बोर्ड कालवायच्या पिंपाच्या खाली कधीही ठेवू नका, भिंतीवर उंच लावा. पंपाची तार बोर्डापर्यंत येण्याआधी खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्यातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर तो वायरमनकडून आधी बसवून घ्या; मीठ, मासे, प्रवाळ नंतर.

कालवायच्या पिंपात काही महिन्यांनी भिंतीला आणि पंपाला खरखरीत पांढरा किंवा तपकिरी थर दिसेल. तो चुनखडीचा असतो. बादलीभर पाण्यात चार-पाच चमचे लिंबूसत किंवा दोन वाट्या पांढरं व्हिनेगर घालून त्यात पंप तासभर चालवा, थर सुटेल. घासणीने पुसा, साबण लावू नका, दोनदा साध्या पाण्याने आणि एकदा आरओच्या पाण्याने धुवा. पंपाचा रोटर काढून त्याच्या खाचेतला थरही काढा, कारण पंप मंदावतो तो बहुधा तिथेच. पिंप पूर्ण वाळल्यावर झाकण लावून ठेवा.